अर्ध्या इंचाच्या ग्रुपने शेतातलं वुडचक पडत नाही

मे महिना आला, इथे पेनसिल्व्हेनियातल्या शेतांत लसूणघास गुडघ्याला लागला, की एक दावा पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला, त्यातले दोघे आपल्याकडचेच, नुकतीच रायफल घेतलेले. दावा असा: "तुमची व्हार्मिंट रायफल १०० यार्डांवर अर्ध्या इंचाचा ग्रुप मारते ना? मग ४०० यार्डांवर ती दोन इंचांत मारणार. वुडचक चार इंच रुंद. चुकायचा प्रश्नच नाही. चुकलंच, तर रायफल बदला."

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधल्या अंतराने मोजलेला. वुडचक हा खारीच्या कुळातला, दोन ते चार किलोचा, बिळं करून राहणारा प्राणी. सोयाबीन आणि लसूणघास फस्त करतो. त्याच्या बिळात ट्रॅक्टरचं चाक जातं, गुरांचा पाय मोडतो. म्हणून शेतकरी ओळखीच्या नेमबाजाला बोलावतात. व्हार्मिंट रायफल म्हणजे अशा उपद्रवी प्राण्यांसाठीची जाड नळीची, मोठ्या स्कोपची (नेम धरायच्या दुर्बिणीची) रायफल. ती .२२३ रेमिंग्टन किंवा .२२-२५० सारख्या काडतुसांची हलकी, वेगवान गोळी मारते. मी हे बारा वर्षं करतोय. हा दावा ऐकून नव्या माणसाने लांबून गोळी घातली आणि जखमी वुडचक सरपटत बिळात गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बिळात गेलेलं जनावर आत किती वेळ तडफडतं ते कुणाला कळत नाही. तेव्हा दाव्यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी तो अर्धा इंच कुठून आला ते बघा. बहुतेक वेळा तीन गोळ्यांचा ग्रुप असतो, आणि चार-पाच ग्रुपांतला सगळ्यात देखणा ग्रुप फोटोसाठी निवडलेला असतो. गोळ्यांचा विखुरलेपणा नेहमीसारखा धरला, तर ज्या रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी अर्ध्या इंचाचे येतात, तिचाच दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरी पाऊण इंचाच्या पुढे जातो. रायफल तीच, काडतूस तेच, फक्त नमुना मोठा. तेव्हा दाव्याचा पायाच दीडपट फुगवलेला आहे.

शिवाय तो ग्रुप बेंचवर निघालेला असतो. समोर सिमेंटचं टेबल, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, बसायला स्टूल, अंतर मोजून ठेवलेलं, आणि घाई कसलीच नाही. बेंचरेस्टवाल्यांच्या, म्हणजे अशा टेबलावरून सगळ्यात लहान ग्रुप काढायची स्पर्धा खेळणाऱ्यांच्या, मेहनतीला मी कमी लेखत नाही. .२२२ रेमिंग्टन हे काडतूस १९५० मध्ये आलं, त्याने बेंचवर वर्षानुवर्षं राज्य केलं आणि वुडचकच्या शेतातही तितकंच नाव कमावलं. पण बेंचवर रायफलीची परीक्षा होते. शेतात परीक्षा होते ती रायफल धरणाऱ्याची.

आता मुख्य हिशोब. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर साधारण १.०५ इंच. समजा शेतात तिवईवर रायफल टेकवून, गवतात बसून, तुमचा स्वतःचा हात तीन एमओए हलतो. बसून मारणाऱ्याला हे काही लाजिरवाणं नाही. आता एकाकडे अर्ध्या एमओएची महागडी रायफल आणि दुसऱ्याकडे एक एमओएची साधी. या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. महागड्या रायफलीवाल्याचा एकूण विखुरलेपणा येतो ३.०४ एमओए, साध्या रायफलीवाल्याचा ३.१६. म्हणजे ३०० यार्डांवर फरक अर्ध्या इंचाहूनही कमी! आणि दोघांचाही पसारा नऊ इंचांच्या वर, जनावर चार इंचांचं. दुप्पट पैसे मोजून जे मिळालं ते हाताच्या हलण्यात कुठल्या कुठे गेलं. तोच माणूस हात तीनवरून दीड एमओएवर आणेल तर साध्या रायफलीनेही पसारा जवळपास निम्म्यावर येतो. मला दाव्यातली खटकते ती हीच गोष्ट: सगळ्यात मोठी चूक जिथे आहे तिथे तो बघूच देत नाही.

बैठकीचा किती फरक पडतो ते आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. पात्रता फेरीत त्याचे गुण होते गुडघ्यावर १९८, पालथं पडून १९७, उभं राहून १९५. एकूण ५९०. रायफल तीच, माणूस तोच, अंगात नेमबाजीचं जाड जॅकेट, आणि मधलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. जगातल्या पहिल्या आठात बसणाऱ्या नेमबाजाचेसुद्धा उभं राहिल्यावर गुण घसरतात. आणि आपण बांधावर धापा टाकत पोचून, गवत उंच म्हणून पालथं पडता येत नाही अशा जागी, बेंचवरचा अर्धा इंच कसा काय मागतो?

वारा तर दाव्यात औषधालाही नाही. .२२३ ची ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला ३,२४० फुटांच्या वेगाने सुटली, आणि ताशी १० मैलांचा वारा आडवा असला, तर ३०० यार्डांवर ती साधारण १० इंच सरकते, ४०० वर १९ च्या आसपास. म्हणजे वाऱ्याचा अंदाज फक्त चार मैलांनी चुकला तरी ४०० यार्डांवर गोळी सात इंच बाजूला. जनावर चार इंचांचं, आणि हे अर्ध्या एमओएच्या रायफलीनेसुद्धा. बेंचरेस्टवाले टेबलापासून लक्ष्यापर्यंत वाऱ्याच्या झेंड्यांची रांग लावतात. शेतात झेंडे कुठले? माझ्या नेहमीच्या शेतात मी उभा असतो टेकाडावर, मधे ओढ्याची घळ आणि वुडचक पलीकडच्या उतारावर. गालाला वारा डावीकडून लागतो, घळीतली विलोची पानं उलटी पांढरी दिसत असतात, म्हणजे तिथे वारा उजवीकडून, आणि पलीकडचं गवत निपचित. स्कोपमधून उन्हाची झळ बघायची, ती कुठल्या बाजूला वाहते ते बघायचं, आणि ठरवायचं. हे ठरवायला मला चार उन्हाळे लागले, आणि अजूनही तीनदा ठरवतो तेव्हा एकदा चुकतं.

अंतराची चिंता मात्र आता राहिली नाही, हे मान्य. २०० यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर पडेल असा स्कोप लावलेली, हीच गोळी ३०० वर सात इंच आणि ४०० वर २१ इंच खाली येते, त्यामुळे पूर्वी अंतर चुकलं की सगळंच चुकायचं. लेझर रेंजफाइंडरने तो प्रश्न खरोखर सोडवलाय.

"पण साउथ डकोटात तर लोक ४०० यार्डांवर दिवसभर मारतात," असं उत्तर येतं. मारतात. तिथे प्रेअरी डॉगच्या (हाही बिळात राहणारा, खारीच्या कुळातला छोटा प्राणी) वसाहतीसमोर लोक चाकांचा बेंचच नेऊन मांडतात, एका जागी बसून शेकडो गोळ्या झाडतात. जमीन कोरडी, त्यामुळे गोळी कुठे पडली ते धुरळ्यावरून दिसतं आणि पुढची गोळी सुधारून मारता येते. जाड नळी उशिरा तापते, तिचा तिथे उपयोगही होतो. इथल्या हिरव्या लसूणघासात धुरळा उडत नाही. पहिल्या गोळीनंतर वुडचक बिळात. एकच गोळी, तीही थंड नळीतून. डकोटातली तिसरी गोळी दाखवून इथल्या पहिल्या गोळीची खात्री देणं, हे मला गैर वाटतं.

रायफलीचा अचूकपणा बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाही. दीड एमओएच्या रायफलीने वुडचकवर लांबून मारू नये, आणि रायफलच डळमळीत असेल तर चूक आपली की तिची हे कळतच नाही. एक एमओएची विश्वासू रायफल असली की मग पैसे काडतुसांवर आणि वेळ सरावावर घालावा.

"चुकलं तर रायफल बदला" याला उत्तर म्हणून मी काय करतो ते सांगतो. कागदावर चार इंचांचं वर्तुळ काढायचं. बेंच नाही, पिशवी नाही. तिवई घेऊन टेकाड चढायचं, बसायचं, आणि बसल्यावर वीस सेकंदांत एकच गोळी. मग नळी पूर्ण थंड होऊ द्यायची, जागा बदलायची, पुन्हा एक. अशा दहा, वेगवेगळ्या दिवशी, वारा असेल तसा. दहापैकी नऊ वर्तुळात पडतील ते आपलं अंतर. गेल्या एप्रिलात माझ्या दहापैकी नऊ २०० यार्डांवर पडल्या, २५० वर सहाच. माझी रायफल बेंचवर आजही पाऊण इंच देते. २०० यार्डांपलीकडचं वुडचक दिसलं की मी स्कोपमधून त्याला खाताना बघतो, आणि रायफल पाठीला अडकवून बांधाच्या आडोशाने जवळ सरकायला लागतो.