जुन्या पिचरांचे हातही निकामी होत होते

बेसबॉलच्या जुन्या दिग्गज पिचरांचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा, विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. तो साधारण असा असतो: साय यंगने ७४९ सामने एकट्याने पूर्ण टाकले, वॉल्टर जॉन्सनने ५३१. नोलन रायनने एका सामन्यात २३५ चेंडू टाकले. तेव्हा कुणी चेंडू मोजत नव्हतं आणि कुणाचं कोपर कापावं लागत नव्हतं. आजचे पिचर शंभर चेंडूंत दमतात आणि वर्ष-दीड वर्ष घरी बसतात, कारण माणसंच लेचीपेची झाली आहेत.

यातले आकडे बरोबर आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो मैदानावरच्या पोरांना भोवतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन खोडून काढणं गरजेचं आहे. सामना ९ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये तिघांना बाद करावं लागतं. एकाच पिचरने सगळ्या इनिंग टाकल्या तर तो ‘पूर्ण सामना’. पुढचे आकडे वाचताना एवढं लक्षात असलं की पुरे.

‘तेव्हा सगळेच असे टाकायचे’

सगळे नाही. जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला पाठ आहेत. शिकागो व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने १९०८ च्या हंगामात ४६४ इनिंग टाकल्या आणि ४० सामने जिंकले. त्याआधीच्या वर्षी ४२२, पुढे १९१२ मध्ये ३९३. वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या नावावर १८२ विजय होते. मग हात गेला. पुढची पाच वर्षं तो खेळत राहिला, पण त्या पाच वर्षांत मिळून विजय फक्त १३. दर ९ इनिंगला १.८२ धावा ही त्याची कारकिर्दीची सरासरी आजही सर्वांत कमी मानली जाते. म्हणजे त्या काळातला अव्वल माणूस, आणि बत्तिशीत संपला.

बोस्टनचा स्मोकी जो वुड तर बाविशीतच शिखरावर होता. १९१२ मध्ये ३४ विजय, ५ पराभव, ३५ पूर्ण सामने आणि वर वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, ३ विजय. पुढच्या वर्षी ओल्या गवतावर पाय घसरून त्याच्या फेकीच्या हाताचा अंगठा मोडला. तो घाईने परतला आणि खांदा दुखू लागला. १९१५ मध्ये त्याने लीगमधली सर्वोत्तम १.४९ ची सरासरी नोंदवली, ती वेदना सोसतच. त्यानंतर पिचर म्हणून तो जवळजवळ संपलाच. क्लीव्हलंडकडून तो आउटफिल्डर, म्हणजे लांबचा क्षेत्ररक्षक, म्हणून खेळला, हे त्याच्या अंगच्या गुणांचं यश. हाताच्या कणखरपणाचा पुरावा म्हणून ते कसं धरणार?

डिझी डीनचं उदाहरण पिचिंग शिकवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं असं आहे. १९३४ मध्ये ३० विजय. १९३२ ते १९३६ या पाच वर्षांत दरवर्षी २८५ ते ३२५ इनिंग. १९३७ च्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यात अर्ल अॅव्हरिलचा फटका थेट त्याच्या डाव्या पायावर बसला आणि पायाचं बोट मोडलं. बोट बरं होण्याआधीच तो माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा राहिला. उजव्या हाताने टाकणाऱ्याचं सगळं वजन चेंडू सोडताना डाव्या पायावर येतं. तो पाय टेकवताना दुखत असल्यामुळे त्याचं पाऊल आखूड पडू लागलं. जे काम पाय आणि कंबर करत होती, ते खांद्यावर येऊन पडलं. सत्ताविसाव्या वर्षी हात गेला. १९३८ पासून पुढे त्याने अवघे १६ सामने जिंकले.

खुद्द जॉन्सनचा हातसुद्धा १९२० मध्ये दुखावला होता. त्या वर्षी त्याचे ८ विजय आणि १० पराभव आहेत.

‘तेव्हा कोपर फाटत नव्हतं’

फाटत होतं, पण कळत नव्हतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हाडांना बांधणारं लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे कोपराचं लिगामेंट तुटो की खांद्याचा स्नायू, वर्तमानपत्रात छापून यायचं ते ‘सोअर आर्म’ (दुखरा हात) किंवा ‘डेड आर्म’ (मेलेला हात). पिचर खालच्या लीगमध्ये जायचा, तिथून गावी, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव नसायचं. दुखापतींची नोंद नाही म्हणून दुखापत नाही, हे गणितच चुकतं.

शिवाय दुखणं लपवण्यात फायदा होता. १९७५ पर्यंत खेळाडू क्लबला कायमचा बांधलेला असे आणि करार बहुधा एका वर्षाचा. हात दुखतो म्हणून सांगितलं तर पुढच्या वर्षीचा पगार कापला जाणार, नाहीतर नोकरीच जाणार.

डावखुरा पिचर सँडी कोफॅक्सबद्दल मात्र सगळं नोंदलेलं आहे, आणि ते वाचल्यावर ‘जुने लोक दुखण्याला जुमानत नसत’ या वाक्याचा खरा अर्थ कळतो. ऑगस्ट १९६४ मध्ये दुसऱ्या बेसवर (धावणाऱ्याच्या थांब्यावर) परत झेपावताना त्याचं डावं कोपर आपटलं. डॉ. रॉबर्ट केर्लन यांनी निदान केलं: सांध्याचा आघातजन्य संधिवात. १९६५ च्या सरावात आतल्या रक्तस्रावाने हात काळानिळा पडला. तरीही त्याने त्या वर्षी ३३५ इनिंग टाकल्या आणि ३८२ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे इतक्या वेळा बॅटरला (फलंदाजाला) तीन स्ट्राइकवर बाद केलं. पुढच्या वर्षी ३२३ इनिंग, २७ विजय, सरासरी १.७३. यामागचा दिनक्रम असा होता: सामन्याआधी हातावर कॅप्सोलिन, म्हणजे मिरचीच्या अर्काचं मलम, जे दुसऱ्या कुणाला अंगावर सहन होत नसे. पोटात ब्युटाझोलिडिन हे वेदनाशामक, जे घोड्यांनाही देतात. मधूनमधून थेट सांध्यात कॉर्टिझोनची इंजेक्शनं. सामना संपल्यावर कोपर बर्फाच्या पाण्यात. डावा हात सरळ होईना, म्हणून कोटाची बाही आखूड करून घ्यावी लागली. नोव्हेंबर १९६६ मध्ये, कारकिर्दीतल्या एका सर्वोत्तम हंगामानंतर, तो निवृत्त झाला. वय ३०. हाताचा उपयोग उरलेल्या आयुष्यात व्हावा, हे कारण त्याने स्वतः सांगितलं.

याच कोफॅक्सचं नाव ‘पूर्वी बघा कसे टाकायचे’ म्हणून घेतलं जातं, याची मनापासून चीड येते.

त्याचा जोडीदार डॉन ड्रायस्डेल १९६२ ते १९६५ अशी चार वर्षं सलग ३०० हून अधिक इनिंग टाकत होता. १९६८ मध्ये त्याने ५८ पेक्षा जास्त इनिंग एकही धाव न देता टाकल्या. १९६९ मध्ये फाटलेल्या खांद्यामुळे तो ३३ व्या वर्षी थांबला.

सॅचेल पेज साठीच्या उंबरठ्यावर पिचिंग करत होता, असंही सांगतात. खरं आहे. १९६५ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, ३ इनिंग टाकल्या. पण १९३८ मध्ये मेक्सिकोत त्याचा हात असा गेला होता की चेंडू फेकणंच अशक्य झालं. कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या जे. एल. विल्किन्सन यांनी त्याला मुख्य संघात न खेळवता गावोगाव फिरणाऱ्या दुय्यम संघात ठेवलं. तिथे कमी जोर, मालिश आणि भरपूर वेळ मिळाला, आणि मग हात परत आला. पेजची कारकीर्द वाचवली ती विश्रांतीने.

‘तेवढ्या इनिंग म्हणजे तेवढेच कष्ट’

यंगने ७,३०० हून अधिक इनिंगमध्ये २,८०३ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे दर ९ इनिंगला साडेतीनच्या आत. आज मेजर लीगची सरासरी आठच्या वर आहे. यंग कमी दर्जाचा होता असा याचा अर्थ नाही. त्या वेळी चेंडू मारायला देणं परवडत होतं. एकच चेंडू बराच वेळ वापरात राहायचा आणि मळून मऊ पडायचा. त्यावर थुंकी लावायला १९२० पर्यंत परवानगी होती. १९०८ च्या व्हाइट सॉक्सने सबंध हंगामात ३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. जॉन्सनने १९१६ मध्ये ३६९ इनिंग टाकल्या आणि त्याला एकही होमरन बसला नाही. २०१९ मध्ये मिनेसोटाच्या एका संघाने ३०७ होमरन मारले.

अशा काळात नऊही बॅटरना जीव तोडून टाकण्याची गरज नव्हती. ख्रिस्ती मॅथ्यूसनने १९१२ मध्येच लिहून ठेवलं आहे की चांगला पिचर आपला खरा जोर अडचणीच्या वेळेसाठी, बेसवर माणसं असतानासाठी राखून ठेवतो. आज आठव्या क्रमांकाचा बॅटरही चेंडू कुंपणापलीकडे पाठवतो, त्यामुळे राखून ठेवायला जागाच नाही. नुसते चेंडू मोजले तर १९१० चे १२० आणि आजचे १०० यांची तुलना होत नाही. त्यातले पूर्ण ताकदीचे किती, ते पाहावं लागतं.

चार्ल्स रॅडबर्नच्या १८८४ च्या ६७८ इनिंगही या दाव्यात घुसडल्या जातात. तेव्हा पिचरच्या चौकटीची पुढची रेष बॅटरच्या ठिकाणापासून ५० फुटांवर होती. ६० फूट ६ इंच हे आजचं अंतर १८९३ मध्ये आलं. तो वेगळाच खेळ होता.

‘शस्त्रक्रिया हे नाजूकपणाचं लक्षण’

क्रिकेटमध्ये गोलंदाजाचं कोपर जवळपास सरळ असतं; वेगवान गोलंदाजाची बहुधा पाठ जाते. पिचरचं कोपर वाकलेलं असतं. हात मागे जाऊन मनगट पाठीकडे झुकतं आणि तिथून क्षणार्धात पुढे येतं, तेव्हा कोपराची आतली बाजू उघडायला बघते. दंडाचं हाड आणि हाताचं आतलं हाड बांधून ठेवणारं छोटं लिगामेंट तो ताण घेतं. सोबत मनगट वाकवणारे स्नायू त्यातला वाटा उचलतात. हे स्नायू दमले की त्यांचा वाटा लिगामेंटवर येतो. धावून, वजन उचलून स्नायू वाढवता येतात. लिगामेंट तसं वाढत नाही. म्हणूनच ‘कणखर बना’ हा सल्ला इथे लागू पडत नाही.

जुलै १९७४ मध्ये टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचं हेच लिगामेंट तुटलं. तेव्हा त्याचे १३ विजय आणि ३ पराभव होते. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवली. डिसेंबरमध्ये दबलेल्या नसेसाठी दुसरी शस्त्रक्रिया झाली. १९७५ चा पूर्ण हंगाम गेला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत आणि तो ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. लिगामेंट तुटलेल्या जुन्या पिचरांना ही सोय नव्हती, एवढाच फरक.

‘मग रायनचं काय?’

रायन अपवाद आहे, आणि तोही शिस्तीने घडलेला. वजनांचा व्यायाम त्याने इतरांच्या आधी सुरू केला. ४४ व्या वर्षी सातवा नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही यशस्वी फटका न देता जिंकलेला सामना) टाकल्यावरही तो व्यायामाच्या सायकलवर बसला होता. सप्टेंबर १९९३ मध्ये सिअॅटलमध्ये त्याची २७ हंगामांची कारकीर्द थांबली ती कोपराचं हेच लिगामेंट तुटून.

‘मोजणी सोडा, हात आपोआप घट्ट होतील’

हे ओकलंडने करून पाहिलं. १९८० मध्ये व्यवस्थापक बिली मार्टिनच्या संघाने ९४ पूर्ण सामने टाकले. रिक लँगफर्डने २८, माइक नॉरिसने २४, मॅट किओने २०. नॉरिस तेव्हा २५ वर्षांचा होता आणि त्याचे २२ विजय होते. पुढच्या तीन हंगामांतले विजय १२, ७, ४. लँगफर्डने १९८० मध्ये १९ सामने जिंकले. १९८३ पासून पुढे उरलेल्या सगळ्या कारकिर्दीत ४.

आज कोपराच्या शस्त्रक्रिया वाढल्या आहेत, हे खरंच आहे. पूर्ण वेगाचा अट्टहास आणि बारा महिने पिचिंग ही त्याची ठळक कारणं. त्यावर उपाय म्हणून ‘जास्त टाका’ सांगणं म्हणजे वॉल्शच्या वाटेने पाठवणं. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात मुलांना लिटल लीगला, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलला, नेणाऱ्या मराठी आईवडिलांनी मेजर लीगच्या ‘पिच स्मार्ट’ मर्यादा पाठ ठेवाव्यात. दिवसाला ९–१० वर्षांसाठी ७५ चेंडू, ११–१२ साठी ८५, १३–१४ साठी ९५. या वयांत ६६ किंवा जास्त चेंडू टाकले की ४ दिवस पिचिंग बंद. ५१ ते ६५ ला ३ दिवस, ३६ ते ५० ला २, २१ ते ३५ ला १. पिचिंग केलेल्या दिवशी कॅचर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारा, म्हणून उभं करायचं नाही. कोपर सामन्याच्या वेळी खाली पडू लागलं, चेंडू वर जाऊ लागले किंवा मूल हात झटकू लागलं, तर आकडा पूर्ण व्हायची वाट न बघता त्याला माउंडवरून खाली घ्यावं.