‘नवे शू टाका, झालं काम’: जुन्या गाडीच्या ब्रेकवरच्या एका संदेशाला उत्तर

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी तसं करूनही टाकलं होतं, म्हणून हे लिहितोय. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: ड्रम ब्रेकमध्ये शास्त्र वगैरे काही नसतं. शूवर लायनर रिव्हेट करून (धातूच्या बुटक्या खिळ्यांनी ठोकून) घेणं हा टंचाईच्या काळातला जुगाड होता, आता तो जिवावर बेतेल. सरळ तयार नवे शू आणा, अर्ध्या तासात बसवा. आवाज आला तर पॉलिश पेपर मारा, तेल लागलं असेल तर पेट्रोलने धुवा, धूळ हवा मारून उडवा. एवढं करूनही ब्रेक लागले नाहीत तर ड्रम ब्रेकच कुचकामी समजा आणि डिस्क बसवून घ्या.

माझ्याकडे सत्तरच्या दशकातली फियाट आहे, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली. चारही चाकांना ड्रम. वडिलांनी ती चालवली, आता मी चालवतो. या संदेशातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी या ना त्या चाकावर तपासलेलं आहे.

आधी ‘जुगाड’ हा शब्द. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा, आणि ब्रेक मारला की आतून त्याच्यावर दाबले जातात ते दोन ब्रेक शू. प्रत्येक शू म्हणजे दोन वस्तू: लोखंडी कमान आणि तिच्यावर बसवलेलं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर. झिजतं ते लायनर. कमान वाकली नसेल, तिची टोकं खाल्ली गेली नसतील, रिव्हेटची भोकं लांबट झाली नसतील, तर ती पन्नास वर्षांनीही तितकीच कामाची असते. त्या काळी कंपन्याही याच कमानीवर लायनर रिव्हेटनेच बसवत. म्हणजे लायनर बदलून घेणं ही मूळ पद्धतच आहे. धोका आहे तो ती वाईट रीतीने करण्यात. जुने रिव्हेट छिन्नीने तोडले की भोकं फाटतात, ते ड्रिलने काढायचे. नवे पितळेचे किंवा तांब्याचे घ्यायचे. ठोकायला सुरुवात मधल्या भोकांपासून करायची आणि दोन्ही टोकांकडे सरकत जायचं, म्हणजे लायनर कमानीला घट्ट लपेटून बसतं. टोकांपासून सुरुवात केली तर मध्ये फुगवटा राहतो आणि तिथेच पुढे तडा जातो. काम घेऊन आलात की लायनर आणि कमान यांच्या सांध्यात पातळ पत्ती सारून बघा. कुठेही आत गेली तर शू परत द्या, भीड बाळगू नका. चिकटवलेलं लायनरही चांगलं असतं, पण ते दाबाखाली आणि भट्टीत पक्कं केलेलं हवं. घरी बाजारातला गोंद लावून ते होत नाही.

लायनर कधी बदलायचं, हे संदेशात कुठेच नाही. रिव्हेटच्या डोक्यावर जेमतेम ०.८ मिलिमीटर लायनर उरलं की बदलायचं. चिकटवलेलं असेल तर कमानीवर १.६ मिलिमीटर उरल्यावर. रिव्हेट ड्रमला घासायला लागेपर्यंत थांबलात, तर शूबरोबर ड्रमचाही खर्च येतो.

आता ‘नवे शू आणा, अर्ध्या तासात बसवा’. संदेशातलं सगळ्यात जास्त पटणारं वाक्य हेच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही यानेच होतं. शूबद्दल बोलताना ड्रमचं नावही कोणी घेत नाही. शू दाबला जातो तो ड्रमच्या आतल्या गोलाईवर. ड्रमही झिजतो, त्याला चरे पडतात, मग तो लेथवर टर्न करून, म्हणजे आतून कातून गुळगुळीत करून घेतात. दर वेळी त्याचा व्यास वाढतो. जुन्या ड्रमसाठी प्रचलित मर्यादा अशी, की मूळ व्यासापेक्षा १.५ मिलिमीटरपर्यंत वाढ चालते, त्यापुढे ड्रम बाद. पण त्या मर्यादेतही नव्या शूची गोलाई मूळ ड्रमची असते आणि तुमचा ड्रम मोठा झालेला असतो. व्यास १.५ ने वाढला म्हणजे त्रिज्या ०.७५ ने वाढली. शंभर अंशांची कमान धरली, तर मध्ये शू टेकल्यावर दोन्ही टोकांना साधारण पाव मिलिमीटर फट उरते. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवून त्यातून निघतील. म्हणजे ब्रेक दाबल्यावर लायनरचा मधला पट्टाच काम करतो, टोकं नुसती सोबतीला असतात.

माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. एका गॅरेजने पुढचे तयार शू टाकून दिले, ड्रम मोजले नाहीत. डाव्या चाकाचा ड्रम आधी टर्न झालेला होता, उजवा मूळ मापाचा. शिरवळच्या अलीकडे पुढचा टेम्पो अचानक थांबला, मी ब्रेक मारला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. पण बायको शेजारी बसली होती, आणि तिचा हात डॅशबोर्डवर कसा गेला ते मी अजून विसरलेलो नाही.

घरी आल्यावर खडूची परीक्षा केली. ती कोणालाही करता येते. लायनरवर शाळेतला पांढरा खडू आडवा फिरवायचा. ड्रम चढवून ॲडजस्टर (शू ड्रमजवळ सरकवणारी योजना) एवढा घ्यायचा की शू जेमतेम टेकतील. मग ड्रम हाताने दोन-तीन फेरे फिरवून उतरवायचा आणि खडू कुठे पुसला ते पाहायचं. उजवीकडे जवळजवळ सगळीकडे पुसला होता. डावीकडे मधे चार बोटं रुंद काळा पट्टा, आणि वर-खाली खडू जसाच्या तसा पांढरा. हे पाहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

उपाय असा. एका ॲक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे, दोन्ही ड्रम एकाच मापाचे हवेत. एक टर्न केला की दुसराही तेवढाच टर्न करायचा. मग ड्रमच्या मापाला जाड लायनर लावून शूची गोलाई घासून त्या ड्रमला जुळवायची. ती ड्रमच्या गोलाईपेक्षा किंचितच लहान ठेवतात, म्हणजे आधी मधला भाग टेकतो आणि टोकं नंतर भरून येतात. उलट झालं, टोकं आधी टेकली, तर ब्रेक एकदम चावतो आणि चाक किंचाळतं. हे काम येणारे कारागीर कमी होत चालले आहेत, पण जुन्या बाजारात विचारलं तर सापडतात. तयार शू टाकूच नका, असं मी म्हणत नाही. ड्रम मूळ मापाचा असेल आणि खडू सगळीकडे पुसला जात असेल, तर खुशाल टाका. पण मोजल्याशिवाय नको, आणि एकाच चाकाला तर कधीच नको.

अर्ध्या तासाच्या हिशेबाबद्दल एवढंच: एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते दुसऱ्या चाकावर बघता येतं. ड्रम उतरलेला असताना कोणी पेडलवर पाय ठेवला, तर व्हील सिलिंडरचे (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या सिलिंडरचे) पिस्टन बाहेर येतात. घरात मुलं असतील तर गाडीचं दार लावून घ्या.

पॉलिश पेपरचा सल्ला अर्धा बरोबर आहे. लायनरवर काच चढल्यासारखी चकाकी आली असेल तर हलका हात फिरवून ती काढता येते. पण ती कशामुळे आली, ते शोधलं नाही तर पंधरा दिवसांनी आवाज परत येणारच. बऱ्याचदा दोष बॅकप्लेटच्या (शूंच्या मागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) त्या छोट्या उंचवट्यांचा असतो ज्यांच्यावर शूची कड सरकते. तिथे खाचा पडतात. त्या सपाट करून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसट हात द्यायचा, पुसटच.

तेल लागलेलं लायनर पेट्रोलने धुऊ नका. लायनर सच्छिद्र असतं, तेल आत मुरतं. वरून कोरडं दिसलं तरी ब्रेक तापला की ते परत वर येतं, तेही एकाच चाकाला. असं लायनर टाकूनच द्यायचं. आणि तेल आलं कुठून ते आधी बघायचं: मागच्या ॲक्सलचं सील गेलंय की व्हील सिलिंडरचे रबरी कप गळतायत. ते कप पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने फुगतात, म्हणून सिलिंडर धुवायलाही ब्रेक ऑइलच वापरायचं.

धुळीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं एक खनिज, सर्रास असायचं. इटलीने, जिथे आपल्या फियाटचा आराखडा झाला, १९९२ मध्ये त्यावर बंदी घातली. ब्रिटनने १९९९ मध्ये, संपूर्ण युरोपीय संघात २००५ पासून. आपल्याकडे अजूनही पूर्ण बंदी नाही. जुन्या ड्रममध्ये साचलेली करडी धूळ नुसत्या डोळ्यांनी पाहून तिच्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, ते कळत नाही. तिच्यावर कंप्रेसरची हवा मारली की ते तंतू गॅरेजभर उडतात, आणि श्वासात जातात ते शेजारी पाना धरून बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या. फुप्फुसाच्या आवरणाचा जो कर्करोग यातून होतो, तो बहुधा वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. तेव्हा आपली गाडी कोणाच्या लक्षातही नसते. ड्रमवर आधी पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसून घ्या, ते फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला चांगला मास्क, रुमाल नव्हे. कोणी ‘जुना ओरिजिनल माल’ म्हणून सीलबंद लायनर दाखवलं, तर नको म्हणा. ॲस्बेस्टॉसविना लायनर मिळतात आणि चांगली लागतात.

राहिलं ‘ड्रम ब्रेकच कुचकामी’. ड्रमची मोठी उणीव खरी आहे: तापला की तो फुगून शूपासून दूर जातो, म्हणून घाटात पेडल खाली-खाली जाऊ लागतं. डिस्क ब्रेकमध्ये फिरणारी चकती दोन पॅडांच्या चिमटीत धरली जाते; ती तापली तर पॅडच्या दिशेने फुगते, त्यामुळे तिथे तसं होत नाही. एकामागून एक ब्रेक मारायचे असतील तर डिस्क सरस, हे मान्यच. पण ड्रममध्ये एक गुण आहे. फिरता ड्रम आतल्या दोन शूंपैकी पुढच्या शूला स्वतःच ओढून घेतो आणि पायाच्या जोरात भर घालतो. म्हणूनच बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसतानाही या गाड्या थांबतात. जुन्या ॲम्बॅसेडरच्या पुढच्या चाकांत तर दोन-दोन सिलिंडर देऊन दोन्ही शूंना हा फायदा मिळवून दिला आहे. तीच गाडी चढावर मागे घसरायला लागली की तो फायदा उलटतो, म्हणून तिथे हँडब्रेक पक्का हवा. डिस्कला अशी मदत मिळत नाही. तिला जास्त दाब लागतो, वेगळा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा) लागतो, बहुधा बूस्टरही. नुसती चकती आणि कॅलिपर (पॅड दाबणारी चिमटी) बसवून दिलं तर पेडल दगडासारखं लागेल आणि गाडी आधीपेक्षा उशिरा थांबेल. खंबाटकीचा घाट उतरताना मी ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरतो, आणि खाली आल्यावर ड्रमला हात लावला तर चटका बसत नाही.

नवे लायनर बसले की ब्रेक ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढा. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगातून मध्यम दाबाने वीस-पंचवीस वेळा गाडी हळू करा, प्रत्येक वेळी ड्रमला थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं द्या. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर ॲडजस्टर परत घ्या, आणि एकदा ड्रम उतरवून पुन्हा खडू फिरवा. माझ्या डाव्या चाकाचा खडू तेव्हा टोकापर्यंत पुसला गेला होता.