सोलरसाठी आंबा तोडू नका, आधी डिसेंबरची सावली बघा

आमच्या कॉलनीत सध्या सोलरची लाट आलीय, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हटल्यावर येणारच, आणि चांगलंच आहे ते. पण त्यापायी गेल्या महिन्याभरात दोन झाडं गेली, एक कडुलिंब आणि एक चांगला डेरेदार आंबा. म्हणून हे लिहितेय.

आमच्याकडे सर्व्हेला माणूस आला तो मे महिन्यात, दुपारी साडेबाराला. आता साताऱ्यात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, तेव्हा कुठल्या झाडाची सावली गच्चीवर दिसणार? सगळं क्लिअर म्हणाला, ६ पॅनल बसले, दिवसाला १२-१३ युनिट यायला लागले. डिसेंबरात बघते तर ७-८. सूर्य दक्षिणेकडे सरकलेला, सकाळी ९ ला इतका खाली की सावली झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब पडते. आमचा आंबा आग्नेयेला, साडेदहापर्यंत तीन पॅनल सावलीत. तक्रार केली तर उत्तर काय, "वहिनी, झाड काढून टाका."

सासऱ्यांनी लावलेलं झाड आहे ते. उन्हाळ्यात त्या बाजूच्या खोलीत पंख्यावर भागतं ते त्याच्यामुळेच, ते तोडून मग एसी लावायचा आणि सोलरची वीज त्यात घालवायची का?

मग मीच वाचत बसले. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर जरी गडद सावली पडली तरी त्या अख्ख्या रांगेचा करंट अडतो. बायपास डायोड असतात, साधारण तीन, ते अडलेला भाग वगळून करंट पुढे नेतात, पण म्हणजे एका फांदीच्या सावलीपायी पॅनलचा तिसरा हिस्सा बंद! ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनल स्वतंत्रपणे चालू ठेवणारी छोटी यंत्रं, लावले तर एका पॅनलचा त्रास बाकीच्यांना होत नाही, पण सावलीतल्या पॅनलवर ऊन काही ते आणू शकत नाहीत.

आम्ही शेवटी ते तीन पॅनल गच्चीच्या पश्चिम टोकाला हलवले, खर्च झाला, पण आता हिवाळ्यातही १० च्या पुढे येतात. हे पहिल्यांदाच करता आलं असतं हो! झाड उत्तरेला असेल तर पॅनलला जवळजवळ त्रासच नाही, तरी लोक सरसकट कुऱ्हाड चालवतात. आणि शहरात परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे, १९७५ चा कायदा आहे त्यासाठी.

ज्यांचं अजून ठरतंय त्यांनी डिसेंबरात ९, १२ आणि ४ वाजता गच्चीचे फोटो काढा, तेच सर्व्हेवाल्याला दाखवा आणि सावलीचा हिशेब कोटेशनमध्येच लिहून मागा.