25 हजारांचा तो फॉर्म भरू नका

नाशिकरोडला राहणारी माझी मावशी प्रेसमधून निवृत्त झाली आहे. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला, तिला तो खरा वाटला आणि तिने फॉर्म भरायला घेतला. दोन दिवसांनी तोच मेसेज माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर आला, तोही चांगल्या शिकलेल्या माणसाकडून. आता गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: ज्यांचा मोबाइल नंबर, आधार किंवा पॅन लीक झालं आहे अशा प्रत्येकाला नव्या डेटा कायद्याखाली 25,000 रुपये मिळणार. सरकारने त्यासाठी 250 कोटी मंजूर केले आहेत. अमेरिकेत प्रत्येकाला 125 डॉलर मिळालेच. पोलीस, कोर्ट, बँक यांचा काही उपयोग होत नाही, त्यामुळे हा एकच मार्ग. लिंक उघडा, कागद जोडा, 499 रुपये नोंदणी भरा. जुना नंबर बंद करून टाका.

250 कोटींपासून सुरुवात करते. आकडा कायद्यात आहे, एवढं कबूल. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये ती दंडाची कमाल मर्यादा आहे. लोकांची माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीला डेटा संरक्षण मंडळ जास्तीत जास्त तेवढा दंड करू शकतं. तो दंड जातो भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. कलम 34 वाचा, सरळ लिहिलं आहे. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यातून एक रुपयाही भरपाई नाही. आणि हिशोब तरी करून बघायचा होता! 250 कोटी भागिले 25,000 म्हणजे 1 लाख माणसं. 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. ‘प्रत्येकाला’ म्हणणाऱ्याचे पैसे आपल्या शहरालाही पुरले नसते.

आता तो फॉर्म. मावशीच्या फोनवर मी तो शेवटपर्यंत बघितला. वर अशोकस्तंभ, खाली तिरंगी पट्टी, पत्त्यात मात्र सरकारी साइटचं ‘जीओव्ही डॉट इन’ कुठेच नाही. आधी आधार दोन्ही बाजूंनी, मग पॅन, मग पासबुकचं पहिलं पान, आणि त्यानंतर ‘पडताळणीसाठी’ एटीएम कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. खात्यात पैसे जमा करणाऱ्याला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पुरतो. कार्डामागचे तीन आकडे लागतात ते खात्यातून पैसे काढून घ्यायला. मावशी त्या रकान्यापाशी थांबली आणि तिने मला फोन केला, म्हणून वाचली. ज्यांची माहिती आधीच फुटली आहे, जे आधीच धास्तावलेले आहेत, त्यांनाच गाठून उरलेली माहितीही काढून घ्यायची, याच्याइतकं नीच काम नाही. आणि प्रत्येक फॉरवर्ड करणारा त्याला हातभार लावतो आहे.

कोणी फॉर्म भरला असेल तर कार्ड लगेच ब्लॉक करा, बँकेला लेखी कळवा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि पैसे गेले असतील तर क्षणभर न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येतात, म्हणून घाई करायची.

अमेरिकेतली गोष्ट इक्विफॅक्सची, म्हणजे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीची. 2017 मध्ये त्या कंपनीतून सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती फुटली आणि 2019 मध्ये तडजोड झाली. 125 डॉलरचा पर्याय त्यात खरोखर होता. पण त्या पर्यायासाठी राखलेली रक्कम होती 3 कोटी 10 लाख डॉलर, म्हणजे पुरे 125 द्यायचे तर अडीच लाख माणसांनाही पुरणार नाही एवढी. अर्जांचा इतका पाऊस पडला की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननेच, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, काही दिवसांत सांगितलं, पैशांऐवजी मोफत क्रेडिट देखरेख घ्या, म्हणजे तुमच्या नावावर कोणी कर्ज काढतं का यावर लक्ष राहील. ‘प्रत्येकाला 125 मिळाले’ हे साफ खोटं, आणि तिथल्या तडजोडीने आपल्याकडे कोणाला हक्क मिळत नाही.

‘पोलीस, कोर्ट यांचा उपयोग नाही’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते वाचून खरोखर नुकसान झालेला माणूस घरी बसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ खाली, कंपनीच्या निष्काळजीपणामुळे तुमची संवेदनशील माहिती फुटून नुकसान झालं तर भरपाई मागता येते. 5 कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर, निवाडा अधिकारी म्हणून, चालतात. हे नुसतं कागदावर नाही. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून 80 लाखांवर रक्कम फसवणुकीने गेली होती. त्या कंपनीकडून फसव्या ईमेलला उत्तर गेलं होतं, म्हणजे चूक तिचीही होती, तरी 2013 मध्ये आपल्या राज्याच्या निवाडा अधिकाऱ्यांनी पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख द्यायला सांगितले.

अर्धं सत्य इथेही आहे, नाइलाजाने मान्य करते. नुसतं नाव आणि मोबाइल नंबर फुटला तर 43अ उपयोगाचं नाही. पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक असं काही हवं आणि नुकसान दाखवावं लागतं. पण विश्वासाने दिलेली माहिती दुकानदाराने किंवा दवाखान्याने परस्पर दुसऱ्याला दिली, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तिला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही. करार मोडून मुद्दाम माहिती उघड केली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 72अ खाली तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. शहर आणि ग्रामीण, दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणं आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

‘बँक हात वर करते’? करू पाहते. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गळती झाली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. तुमची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी लागत नाही.

नंबर बंद करायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. बँक आणि आधार त्याच नंबरला जोडलेलं असतं, आणि बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो.

एक गोष्ट मात्र या मेसेजच्या गोंगाटात कोणीच सांगत नाही. ज्या नव्या कायद्याचं नाव घेऊन 25 हजार वाटायला निघालेत, तोच कायदा कलम 43अ रद्द करतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि हे कलम वगळण्यासाठी त्यानंतर 18 महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणून ज्यांचं खरंच नुकसान झालं आहे त्यांनी बँकेचे मेसेज, कॉलची नोंद, तक्रारीची पोच आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार गोळा करून, वकिलाचा सल्ला घेऊन निवाडा अधिकाऱ्यांकडचा अर्ज त्या मुदतीच्या आत करावा.