कॅनडाला जायचंय? मग एजंट असा निवडा

पोराला शिकायला कॅनडाला धाडायचं ठरलं असेल, तर तिथल्या सरकारी वेबसाइटच्या वाटेला अजिबात जाऊ नका. तिथे फॉर्म फुकट मिळतात, आणि फुकटच्या वस्तूवर आपला कधीच विश्वास नव्हता. शिवाय प्रतिनिधी नेमला म्हणून अर्जाला झुकतं माप मिळत नाही, असंही तिथे लिहून ठेवलंय. सकाळी सकाळी असलं वाचून उत्साह घालवायचा कशाला?

सरळ एजंट गाठा. ऑफिस साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलं तर उत्तम. भिंतीवर छातीशी पासपोर्ट धरून पेढा खाणाऱ्या मुलांचे फोटो हवेत. व्हिसा नाकारलेल्यांचे फोटो नसतात, कारण ती मुलं पेढे घेऊन येत नाहीत. साहेब म्हणतील, "काका, टेन्शन घेऊ नका, आतमध्ये आपली सेटिंग आहे." अर्ज ऑनलाइन जातो आणि निर्णय कॅनडाचा अधिकारी घेतो, हे खरं, पण ज्याने लायसन्ससुद्धा आरटीओबाहेरच्या माणसाकडून काढलं, त्याला हे पटायचं कसं?

परवाना विचारणं तर शुद्ध असभ्यपणा. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 91 सांगतं की पैसे घेऊन अर्जाचं काम करायचं तर माणूस तिथला वकील किंवा पॅरालीगल (मर्यादित कायदेशीर कामाचा परवाना असलेला) हवा, क्यूबेक प्रांताचा नोटरी हवा, नाहीतर इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या कॉलेजचा सभासद. हे कॉलेज म्हणजे 2021 पासूनची या धंद्याची नियामक संस्था. तिची यादी कुणालाही फोनवर बघता येते. तुम्ही बघू नका. चहा पाजणाऱ्या माणसावर संशय घेतात का? परवानेवाले तर त्याहून वाईट. ते आधी लेखी करार करतात आणि "व्हिसा नक्की" असं तोंडातून काढत नाहीत.

आयएमएम 5476 नावाचा एक फॉर्मही असतो. त्यात प्रतिनिधीचं नाव आणि सभासद क्रमांक लिहायचा. साहेब म्हणतील, "तो लावला की फाइल रखडते, आपण मुलाच्याच नावाने टाकू." लगेच मान डोलवा. ईमेल आणि पासवर्डही त्यांच्याकडेच राहू द्या. पोराच्या भविष्याच्या किल्ल्या पोराकडे कशाला?

मग येतो फंड. कॉलेजची फी आणि प्रवासखर्च सोडून एकट्या विद्यार्थ्याला पूर्वी 10,000 कॅनेडियन डॉलर दाखवले की भागायचं. 2024 च्या जानेवारीपासून ते 20,635 झाले, 2025 च्या सप्टेंबरपासून 22,895. एवढे नाहीत? साहेब "फंड लावून देतात." पैसे पाहुण्यासारखे खात्यात येतात, स्टेटमेंट निघालं की निघून जातात. एसओपीही, म्हणजे तिकडे का शिकायचंय हे सांगणारं निवेदनही, तयार असते. सोलापूरच्या मुलाच्या एसओपीत लुधियानातली वडिलोपार्जित गव्हाची शेती निघाली तर बिचकू नका, मालमत्ता वाढलीच म्हणायची.

2023 मध्ये पंजाबातल्या बऱ्याच मुलांची कॉलेजची प्रवेशपत्रं बनावट निघाली. बहुतेक अर्ज जालंधरच्या एकाच एजंटाकडून गेलेले. मुलं तिकडे शिकली, नोकऱ्यांना लागली, पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज करायला गेली तेव्हा हा उजेड पडला, आणि कागदांवर सह्या होत्या मुलांच्या. त्याच वर्षी 1 डिसेंबरपासून इमिग्रेशन खातं प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेऊ लागलं. कलेची कदर उरली नाही, दुसरं काय!

आणि समजा, बँकेची स्टेटमेंट खोटी म्हणून अर्ज फेटाळला, वर त्याच इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षांची बंदी आली. हातपाय गाळू नका, पुन्हा वरच्या मजल्यावर जा. साहेबांकडे ऑस्ट्रेलियाचा फॉर्म तयारच असेल. त्यात विचारलेलं असतं, यापूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारलाय का? साहेब पेन पुढे करत म्हणतील, "नाही लिहा. तिकडे कुणाला कळतंय?"