गलाथियाची वाळू आणि नान्नजचा माळ

ग्रेट निकोबारच्या बंदराचा विषय निघाला की सोलापुरातही एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अहो, कासवंच ती, जातील शेजारच्या किनाऱ्यावर." निदान आपल्या जिल्ह्यात तरी हे कुणी म्हणू नये. माळढोक पक्ष्याबद्दलही आपण असंच म्हणायचो. एवढा माळ पडलाय, बसेल कुठंतरी. आज त्याच्यासाठीच्या नान्नजच्या अभयारण्यात माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

गलाथिया हा ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाजवळचा उपसागर; बंदर व्हायचं ते इथेच. लेदरबॅक कासवांचा भारतातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या विणीच्या जागांपैकी एक. तिथलं अभयारण्य जानेवारी 2021 मध्ये रद्द करायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मंजुरी दिली. त्याच महिन्यात केंद्राने सागरी कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात गलाथियाचं नाव महत्त्वाच्या किनाऱ्यांत आहे. एकाच सरकारची दोन कागदं, एकाच महिन्यातली. पुढे भरपाई म्हणून लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी वेगळं अभयारण्य करायचं ठरलं.

आता 'शेजारचा किनारा' का चालत नाही ते बघू. लेदरबॅकला टणक कवच नसतं, पाठ चामड्यासारखी असते. चार-पाचशे किलोपर्यंतचं हे जनावर खडकावर किंवा प्रवाळावर घासलं तर जखमी होतं. म्हणून त्याला असा किनारा लागतो जिथे खोल पाणी थेट वाळूपर्यंत येतं, मध्ये खडक नाही, पुळण रुंद आणि चढती आहे, वाळू खणण्याइतकी मऊ, पण पाऊण मीटर खोल खड्डा खणला तरी कडा ढासळत नाहीत. बेटाचा नकाशा काढून असे किनारे मोजा. बोटांवर मोजण्याइतके निघतात. उरलेल्या किनाऱ्यावर कुठे प्रवाळ, कुठे खारफुटी, कुठे भरतीला पुळणच शिल्लक राहत नाही.

2004 च्या त्सुनामीचं उदाहरण उलट बाजूने दिलं जातं. बेटाचं दक्षिण टोक चारेक मीटर खचलं, इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला, विणीची पुळण वाहून गेली. तरी वाळू पुन्हा साठली आणि कासवंही परत आली. मग बंदरानंतरही येतील, असा हा हिशोब. तो चुकतो कुठे? त्सुनामीने वाळू नेली, पण वाळू आणणारा प्रवाह तोडला नाही. बंदराची लाटरोधक भिंत नेमका तोच तोडते. किनाऱ्याला समांतर सरकणारी वाळू भिंतीच्या एका अंगाला साचते आणि दुसऱ्या अंगाची पुळण दरवर्षी झिजत जाते. त्यात जहाजांसाठी तळ सतत उपसायचा, म्हणजे उरलेली वाळूही खोल पाण्यात घसरणार. शिवाय त्सुनामी रात्रभर दिवे लावून बसत नाही.

दिव्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिथेच आहे. पिल्लं बहुतेक रात्री निघतात, वाळूचा वरचा थर थंड झाला की. समुद्र कुठे हे ती उजेडावरून ठरवतात : क्षितिजालगतचा जो भाग जास्त उजळ, तिकडे चालायचं. निसर्गात तो भाग समुद्राचाच असतो, मागे झाडीचा काळोख. मागच्या बाजूला एक पांढरा एलईडी लागला की पिल्लं उलटी वळतात, झाडीत शिरतात, सकाळपर्यंत फिरत राहतात आणि उन्हात वाळतात किंवा खेकड्यांच्या तावडीत सापडतात. मादीही उजेड बघून न विणता परत फिरते. दिवा लावणं भागच असेल तर तो कमी उंचीवर, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेला, आणि रंगाने पिवळसर-नारिंगी किंवा लाल हवा. 560 नॅनोमीटरच्या वरच्या प्रकाशाचा त्रास कमी होतो, म्हणजे नाहीसा होत नाही. एखाद्या चौकीपुरता हा उपाय चालतो. चोवीस तास चालणाऱ्या बंदराच्या आभाळभर उजेडाला कसली टोपी घालणार?

"मग हॅचरी काढा, म्हणजे अंडी उचलून राखणीच्या जागेत पुरून उबवा. कोकणातल्या वेळासला काढलीच की." वेळासचं काम मोठं आहे यात शंका नाही. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ते उभं केलं. तिथे घरटं जागेवर ठेवलं तर माणूस, कुत्रा, कोल्हा कुणीतरी अंडी उकरणारच, म्हणून हॅचरी हा बरोबर निर्णय होता. पण हॅचरी म्हणजे नाइलाज. वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. ती उचलायची तर घातल्यापासून दोन-तीन तासांत, जितक्या लवकर तितकं चांगलं. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू लागतो. मग अंडं फिरलं, हिंदकळलं की तो सुटतो आणि मरतो. बाहेरून काही कळत नाही, पन्नास दिवसांनी उकरल्यावर कळतं. सकाळी सातला सापडलेलं घरटं रात्री अकराचं असेल तर ती वेळ केव्हाच टळलेली असते. उचलायचंच झालं तर वरची बाजू वरच ठेवून, न झुलवता.

नवा खड्डा मूळ घरट्यासारखाच हवा : वर अरुंद मान, खाली सुरईसारखं पोट. रिडलेला साधारण दीड फूट खोली, लेदरबॅकला अडीच फुटांच्या आसपास. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर ठेवायचं. जवळजवळ खणले तर अंड्यांची स्वतःची उष्णता एकमेकांत मिसळते, वाळूतला प्राणवायू कमी पडतो. दरवर्षी हॅचरीची जागा बदलायची, नाहीतर जुन्या कुजक्या अंड्यांची बुरशी नव्यांना लागते.

आणि तापमान. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण 29 अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याच्या बरीच वर वाळू गेली की जवळपास सगळ्या माद्या. 33-34 अंशांच्या पुढे फार दिवस राहिली तर अंडीच मरतात. सोलापूरकरांना भट्टीतल्या वाळूत शेंगा कशा भाजतात हे सांगायला नको. उघड्यावर, एकाच सपाट तुकड्यात काढलेली हॅचरी उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच दिशेने जाते. नैसर्गिक किनाऱ्यावर कुठलं घरटं झाडीच्या सावलीत, कुठलं पाण्याजवळ, कुठलं उघड्यावर असतं. ही सरमिसळ हॅचरीत कृत्रिमरीत्या आणता येत नाही. झावळ्यांची सावली करून थोडं सावरता येतं, इतकंच.

दूरच्या बेटावर तर काम याहून साधं असायला हवं. घरटं जागेवर राहू द्यायचं. भरतीच्या रेषेखाली घातलेलं तेवढंच त्याच किनाऱ्यावर वर हलवायचं. कुत्री, डुकरं, घोरपडी उकरत असतील तर घरट्यावर चौरस मीटरभर जाळी जमिनीसरशी पुरायची, कडा एक फूट खाली वळवून. भोकं पिल्लू सहज निसटेल एवढी हवीत, लेदरबॅकचं पिल्लू रिडलेपेक्षा बरंच मोठं असतं हे लक्षात ठेवून. लोखंडाऐवजी बांबू किंवा प्लॅस्टिकची जाळी बरी, कारण पिल्लं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळखतात आणि घरट्याभोवती लोखंड असलं तर ते बिघडण्याची शंका आहे.

त्यातही घोरपड तिथलीच, ती तिचा वाटा नेते, नेऊ दे. कुत्रा मात्र माणसाबरोबर येतो. रस्ता झाला, मजुरांची वस्ती झाली, उष्टं-खरकटं उघड्यावर पडलं की वर्षभरात किनाऱ्यावर कुत्र्यांच्या टोळ्या. आपल्याकडच्या माळरानाचं हेच झालं. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला काटेरी तारेच्या कुंपणाचा आणि वनखात्याच्या पाटीचा काय उपयोग, कुत्रा खालून येतोच.

नान्नजचा दुसरा धडा थोडा अडचणीचा आहे. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं, त्यात गावंच्या गावं, शेतं, शहराचा भागसुद्धा. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्षी लोकांना वैरी वाटायला लागला. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. रेषा भलती मोठी आखणं ही चूकच होती, हे आमचं स्पष्ट मत आहे. पण रेषा लहान केल्यावर आतलं गवत आणि कुत्री तरी नीट सांभाळायला हवी होती. कासवाला इतकी जमीन लागतच नाही. काही किलोमीटर पुळण, मागे झाडीचा पट्टा, समोर मोकळं पाणी. इतकं थोडं मागणारा दुसरा प्राणी शोधून दाखवा.

राहिली मोजणी. पहाटे, भरतीने माग पुसायच्या आत किनारा चालायचा. प्रत्येक ताज्या मागावर काठीने आडवी रेघ मारायची, म्हणजे उद्या तोच पुन्हा मोजला जात नाही. मादी वर येऊन न विणता परतली असेल तर तो आकडा वेगळा लिहायचा. एकच लेदरबॅक मादी हंगामात नऊ-दहा दिवसांच्या अंतराने अनेकदा विणते आणि मग दोन-तीन वर्षं येतच नाही. लिटल अंदमानच्या किनाऱ्यांवर 2008 पासून अशी सलग नोंद चालू आहे. तिथून उपग्रह टॅग लावलेल्या माद्या एकीकडे ऑस्ट्रेलियाकडे आणि दुसरीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेल्या. आज बुडालेलं घरटं विणीच्या मादीच्या रूपात कमी भरायला दहा-पंधरा वर्षं तरी लागतात. तेव्हा बंदराच्या पहिल्या दोन हंगामांचा अहवाल पुढे करून "बघा, घरटी तितकीच आहेत" असं कुणी म्हणालं, तर त्याला इतकंच विचारा : आधीच्या दहा वर्षांचे आकडे कुठे आहेत, माग किती वाजता मोजले, आणि विणलेली व परतलेली मादी वेगळी लिहिली होती का?