३०० रुपयांचा फील्ड प्रोजेक्ट

आज दुपारी एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात हजेरीपटाच्या प्रती काढायला गेले होते. काउंटरवर स्पायरल केलेल्या प्रोजेक्टचा गठ्ठा ठेवलेला. ‘पाण्याची गुणवत्ता : एक अभ्यास’. सगळ्यांत मजकूर तोच, आकडे तेच, फक्त पहिल्या पानावर नावाची जागा कोरी. ३०० रुपये. माझ्या डोळ्यांदेखत आमच्याच कॉलेजच्या सेकंड इयरच्या पोरानं एक घेतला आणि मला पाहून पाठीमागे लपवला.

घरी आले, चहा झाला, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले.

त्या पोरावर काय रागवायचं? नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला. दोन क्रेडिट, म्हणजे साठ तासांचं काम. साठ तास पोरानं गावात फिरावं, काहीतरी मोजावं, चार माणसांना विचारावं, लिहून काढावं. आम्ही मास्तर लोकांनी काय केलं? ‘२५ तारखेपर्यंत फाइल जमा करा’ एवढा मेसेज ग्रुपवर टाकला. प्रश्न कसा शोधायचा, वही कशी ठेवायची, यावर एक तास कुणी घेतला नाही. मग ते दुकानात जाणार नाही तर कुठं जाईल?

आणि विषय तरी कोणता विकत घ्यावा? पाणी! आमच्या तालुक्यात! अर्धा तालुका खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अकोला, अमरावती, बुलढाण्यातली गावंच्या गावं खारं पाणी पिऊन म्हातारी झाली. त्या गावच्या पोरानं कुठल्या तरी भलत्याच तलावाचे आकडे विकत आणायचे आणि आम्ही त्यावर सही करायची.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तेव्हा फील्ड प्रोजेक्ट वगैरे काही नव्हतं. प्रॅक्टिकल संपलं होतं, मी ब्युरेट धूत होते. पूर्णाकाठच्या गावातली एक पोरगी मागे थांबली. म्हणाली, “मॅडम, आमच्या गावात एकाच इहिरीच्या पान्यात तुरीची डाय शिजते. बाकीच्या पान्यात दोन तास ठेवा, दाना दानाच राह्यते. काहून?” मी म्हटलं, कठीण पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम, फर्स्ट इयरला झालंय, वाच. तर म्हणते, “ते वाचलं. पन त्या एकाच इहिरीत कमी काहून हाय?”

मला उत्तर येत नव्हतं. आणि येत नव्हतं म्हणून मी तिला म्हटलं, “आधी बॅकलॉग काढ.”

हे वाक्य मला अजून टोचतं. आज त्या पोरानं प्रोजेक्ट पाठीमागे लपवला तेव्हाही तेच आठवलं. आम्हीच यांना लपवायला शिकवलं.

ती पोरगी मात्र ऐकणारी नव्हती. आठ दिवसांनी पहिल्या एसटीनं अकरा बाटल्या घेऊन आली. कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या, ज्या-त्या विहिरीच्याच पाण्यानं तीन-तीनदा विसळलेल्या. प्रत्येकीला चिकटपट्टीनं चिठ्ठी : मारुतीची इहीर, शाळेचा बोर, नाल्याकाठची इहीर. खाली तारीख आणि वेळ. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नमुना कसा घ्यायचा हे मोबाइलवर वाचून आली होती.

कठीणपणा काढायला अडचण नव्हती. ईडीटीए नावाचं रसायन थेंबाथेंबानं पडत जातं आणि लालसर रंग एका थेंबात निळा होतो, ते पोरं दरवर्षी करतात. क्लोराइड, म्हणजे खारेपणा, मोजायला सिल्व्हर नायट्रेट लागतं. वरून विचारणा झाली : “ते किती महाग आहे माहीत आहे का? परीक्षेला काय पाणी टाकू?” मी तासिका तत्त्वावरची, तोंड उघडलं नाही. तीन दिवस त्या बाटल्या खिडकीखाली पडून होत्या. शेवटी आमच्या लॅबमधले काका हळूच म्हणाले, “मॅडम, मागच्या परीक्षेतलं उरलेलं हाय न तपकिरी बाटलीत.” ते पुन्हा प्रमाणित करून घेतलं आणि दोघी बसलो. पिवळ्याचा विटकरी रंग व्हायचा क्षण तिनं अकरा वेळा पकडला. दुसऱ्या दिवशी आली तर बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळी. आईनं राखेनं घासून पाहिली म्हणे, निघाली नाहीत.

डाळ शिजवणारी विहीर कोणती निघाली? नाल्याकाठची. कठीणपणा सगळ्यांत कमी तिचाच. नाल्यावर वरच्या अंगाला बंधारा आहे, पावसाचं गोडं पाणी तिथून मुरत असेल, असा तिचा अंदाज. अंदाजच, पण पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजून तपासता येईल असा. संशोधन म्हणतात ते हेच! त्याला आणखी कोणती पदवी लागते?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांवर जे काम केलं, ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. घरोघरी जाऊन बाळांची वजनं घेणाऱ्या, आजार टिपणाऱ्या बाया गावातल्याच होत्या, थोडंफार शाळा शिकलेल्या. त्यांच्या नोंदींवर जगानं विश्वास ठेवला. आणि बीएस्सीच्या पोरीला आम्ही सांगतो, तुझं काम नाही.

आता चौथ्या वर्षाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ आलंय, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर. त्या पोरीला ६१ होते.

बरं, मान्य. एकेका प्राध्यापकामागे दीडशे पोरं आहेत, लॅबला पैसा नाही, आमच्यासारख्यांचं मानधन सहा-सहा महिने थकतं. आणि प्रत्येकाला संशोधक व्हायचं नसतं, हेही खरं. पण पोरांसाठी लॅबची किल्ली फिरवायला किती पैसे लागतात?

रागात खूप लिहिलं. आता पोरांसाठी चार शब्द, कारण त्यांच्यापैकी बरेच जण हे वाचतात.

बाळांनो, गावातली एक गोष्ट धरा, जिचं उत्तर सरांनाही येत नाही. एक वही करा आणि तारखेशिवाय तीत काहीच लिहू नका. जो मास्तर हाकलून देत नाही त्याला शोधा, तुमच्या विषयाचा नसला तरी चालेल. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे. खाऱ्या जमिनीवर तिथं किती वर्षांचं काम झालंय! शास्त्रज्ञाला मेल करताना आयुष्याची कहाणी लिहू नका. काय मोजलं, कुठं अडलो, एवढंच पाच ओळींत लिहा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा, त्यात लाज नाही. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून बघा. २००६ पासून राज्यात विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा भरते, त्यात पदवीच्या पोरांचा गट वेगळा असतो. आणि बंगळूरची विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, मानधनासकट. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात. एक छोटं टिपण आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते पत्र मागायला घाबरू नका. पत्र देणं आमचं कामच आहे.

ती पोरगी ‘आविष्कार’ला गेली होती. नंबर आला नाही. परीक्षकांनी विचारलं, नमुने एकदाच घेतले का? बसमध्ये रडली. आणि पुढच्या महिन्यापासून दर पौर्णिमेला बाटल्या भरायला लागली, पौर्णिमा लक्षात राहते म्हणून. सोळा महिने. ती वही माझ्याकडे आहे, कोपऱ्यांवर तिच्या काळ्या बोटांचे डाग आहेत.

दुकानातल्या त्या पोराचं सांगायचं राहिलं. त्याला बाहेर बोलावलं आणि फाइलबद्दल काहीच न बोलता गाव विचारलं. सातपुड्याच्या पायथ्याचा निघाला, घरी संत्रा. म्हटलं, बगिचात काय चाललंय? खूप वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मॅडम, धुऱ्याकडच्या झाडायची फयं जास्त गयतात. बाबा म्हनते दरवर्षीचंच हाय.”

“किती जास्त?”

“मोजले नाही.”

पाच झाडं धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, पाच मधली, रोज सकाळी खाली पडलेली फळं मोजून लिहायची, एवढं ठरलं. सोमवारी अकरा वाजता वही घेऊन येतो म्हणाला. लॅबची किल्ली मी काकांकडून आजच घेऊन ठेवली आहे.